काढा म्हणजे औषध नव्हे

दादाला किडनी देते असं मी म्हणाले तेव्हा माझ्या तोंडात घास होता. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत आमची दोन घरं, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि रविवारचं दुपारचं जेवण दादाकडे हा वीस वर्षांचा शिरस्ता. दादाचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आमच्यासाठी वहिनींनी कोबीची भाजी आणि आमटी केली होती, आणि त्याच्यासाठी दोनदा उकडून पाणी फेकून दिलेल्या बटाट्याची पांढरीफटक भाजी. डायलिसिसवाल्या माणसाला बटाट्यातलं पोटॅशियम सोसत नाही, म्हणून हा खटाटोप. तो निमूटपणे ती भाजी खात होता. वहिनी त्याच्या वाटीकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणत होते, घरचं कोणी देणारं असलं तर फार बरं. माझी तर शुगरमुळे चालतच नाही."

त्या दोघांना मूलबाळ नाही. माझा नवरा सासऱ्यांच्या आजारपणामुळे त्या सगळ्या काळात नागपूरला होता. टेबलाशी आम्ही तिघंच, आणि तिघांपैकी धडधाकट मी एकटी.

"मग मी आहे की," मी म्हणाले.

दादाने मान वर केली नाही. वहिनींना म्हणाला, "हिला आमटी वाढ."

एवढंच. आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच ठरतात. कोणी मागत नाही, कोणी नाही म्हणत नाही. मी अमेरिकेत आले ती दादाने कागदपत्रं केली म्हणून, रूट नाईनवर गाडी चालवायला शिकले ती त्याच्या ओरड्याखाली, मुलगी झाली तेव्हा पहिले चाळीस दिवस जेवण आलं ते वहिनींच्या हातचं. यातलं काहीही मी मागितलं नव्हतं. तेव्हा आता माझ्याकडे कोणी काही मागायची वाट बघणं बरं दिसलं नसतं. मी आमटी ओरपली, घरी आले, आणि जोडे न काढता तशीच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. भीतीने उठवेना. बावन्न वर्षांची बाई मी, मला माझीच लाज वाटली.

तिथून माझी जी तगमग सुरू झाली ती महिनोन्‌महिने थांबली नाही. रक्तगट जुळला. मग रक्ताच्या, लघवीच्या, हृदयाच्या, कसल्या कसल्या तपासण्या. प्रत्येक चांगला रिपोर्ट आला की वहिनी देवाजवळ साखर ठेवायच्या आणि मी घरात येरझाऱ्या घालायची. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, घरूनच काम करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा धंदा आणि खरं सांगायचं तर स्वभावही. पण त्या दिवसांत मीटिंग चालू असताना मी उभीच असायची. फ्रिज उघडायची, काही न घेता बंद करायची. एका दुपारी मी मसाल्याच्या सगळ्या बरण्या रिकाम्या करून, धुऊन, पुसून परत भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. भूल दिली आणि उठलेच नाही तर? उरलेली एक उद्या बिघडली तर? शिवाय ज्याने आपल्याला सगळं दिलं त्याला मुठीएवढा एक अवयव देताना आपल्याला एवढी भीती वाटते, म्हणजे आपण माणूस म्हणून किती कोत्या, हा विचार तर सतत पाठीशी.

हॉस्पिटलमध्ये दात्यासाठी एक स्वतंत्र बाई नेमलेल्या असतात. पेशंटशी त्यांचा संबंध नसतो, त्यांनी फक्त दात्याची बाजू बघायची. आमच्या वाट्याला आलेल्या बाई पिकल्या केसांच्या, शांत होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्यावर घरच्यांचा दबाव आहे का? मी म्हटलं, छे, मुळीच नाही. त्या म्हणाल्या, "कुठल्याही टप्प्यावर तुम्हाला थांबावंसं वाटलं तर नुसतं मला सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच कळवू की तुम्ही दाता म्हणून योग्य ठरला नाहीत. कारण सांगणार नाही."

मी हसून मान हलवली. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि दुखऱ्या दातावर जीभ जावी तशी त्यावर जात राहिले.

नोव्हेंबरात मुलगी चार दिवस घरी आली. ती बॉस्टनमधल्या नाटकांची प्रकाशयोजना करते, इथेच जन्मली, मराठी समजतं सगळं पण उत्तर इंग्रजीतून. तिने माझं बरण्या धुणं पाहिलं आणि सुटकेसमधून तपकिरी कागदाची एक पिशवी काढली.

"आई, ट्राय धिस. कावा. माझे क्रूवाले सगळे दारूऐवजी हेच घेतात शोनंतर. यू जस्ट काम डाऊन."

कावा म्हटलं की आपल्याला गनिमीच आठवतो. मी तसं म्हटलं, तिला विनोद कळला नाही. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर होणाऱ्या एका झुडपाचं हे मूळ. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते कुटून, गार पाण्यात कालवून, पाहुण्यारावळ्यांबरोबर बसून पितात. मुलीने मला करून दाखवलं. चमचाभर पूड पातळ फडक्यात बांधली, गार पाण्यात दहा मिनिटं चोळली, पिळली, चोथा टाकून दिला.

"नॉट एव्हरी डे हं. आणि पिऊन ड्राइव्ह करू नकोस. अँड रीड द पॅकेट."

"बरं बाई," मी म्हटलं.

चव म्हणजे पावसाळ्यात अंगणातलं पाणी. जीभ आणि ओठ बधिर झाले, दात काढायला गेल्यावर होतात तसे. पण पंधरा-वीस मिनिटांनी माझे खांदे खाली आले. महिनाभर ते कानाशी चिकटलेले होते हे मला तेव्हा कळलं. मी सोफ्यावर नीट टेकून बसले, खिडकीबाहेरच्या उघड्या झाडांकडे बघत राहिले, आणि किती तरी दिवसांनी मला काहीही करावंसं वाटलं नाही. हे मी नाकारणार नाही. त्या पेल्याने मला जे दिलं ते तेव्हा कोणीही देऊ शकत नव्हतं.

मुलगी गेली आणि मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली.

आमच्या घरात लहानपणापासून एक नियम पाळलेला. मूळ असो, साल असो, ते उकळल्याशिवाय त्याचा गुण उतरत नाही. गार पाण्यात कालवणं म्हणजे आळशी माणसाचं काम. आईने गुळवेलीचा, अडुळशाचा, सुंठीचा, कसला कसला काढा आम्हाला पाजला, आणि प्रत्येक वेळी चार पेले पाण्याचा एक पेला उरेपर्यंत आटवूनच. तेव्हा मी कावा पातेल्यात घातला, चार पेले पाणी ओतलं आणि मंद आचेवर एक पेला उरेपर्यंत आटवला. त्या बेटांवरच्या लोकांनी शतकानुशतकं जे चोळून काढलं ते मी श्रूजबरीच्या गॅसवर सुधारलं. चवीला आलं आणि ज्येष्ठमध घातलं. नणंदेने पाठवलेली अश्वगंधाची पूड कपाटात होतीच, तीही चमचाभर घातली, शक्ती येते म्हणून. चोथा टाकायचा जिवावर आला, म्हणून गाळताना तो चांगला दाबून दाबून त्यातलं सगळं उतरवून घ्यायची, आणि तळाचा गाळ शेवटच्या घोटाबरोबर गिळायची. सुरुवातीला संध्याकाळी एक कप. डिसेंबर लागला तसा दुपारीही. नाताळापर्यंत सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन कप, थर्मासात भरून टेबलाशी ठेवलेले.

दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमची चाळीस पानी माहिती मी स्वल्पविरामासकट वाचते. त्या पिशवीच्या मागची सात ओळींची सूचना मी वाचली नाही. वाचणार कशी? ते औषध नव्हतं ना. औषधाला माहितीपत्रक असतं. काढ्याला आई असते.

डिसेंबरच्या मध्यात हॉस्पिटलने फॉर्म भरून घेतला. त्यात स्वच्छ विचारलं होतं, तुम्ही कोणती औषधं, जीवनसत्त्वं, वनौषधी किंवा वनस्पतींचे चहा घेता का? मी लिहिलं, काहीच नाही. समोरच्या, सगळ्या तपासण्यांची जुळवाजुळव करणाऱ्या कोऑर्डिनेटर नर्सने तोंडीही विचारलं, "काहीच नाही? वा!" मी म्हटलं, काहीच नाही. निम्मं ते अज्ञान होतं. आमच्याकडची कुठलीही बाई हळदीचं दूध फॉर्मवर लिहीत नाही. पण निम्मं अज्ञान नव्हतं. मन शांत व्हायला काही घेते असं लिहिलं तर ते विचारतील, मन अशांत का आहे? मग त्या पिकल्या केसांच्या बाई मला बोलावतील आणि या खेपेला मी हसून मान हलवू शकणार नाही, हे मला माहीत होतं.

शरीर मात्र चहाड्या करत होतं. हातांची, पायांची त्वचा कोरडी पडून कोंड्यासारखी निघायला लागली. मी थंडीला आणि हीटरला शिव्या घातल्या, खोबरेल तेल चोळलं. सकाळी मळमळायचं. डोकं दुखायचं, म्हणून पॅरासिटामॉल. दुपारी तीनला डोळे मिटायचे. एकदा रूट नाईनवर तळ्याच्या पुलाअलीकडे सिग्नल हिरवा होऊन मागचे तिघं हॉर्न देत होते आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून स्वस्थ बसले होते. झोपले नव्हते, पण तिथे नव्हतेही. मागून येऊन एकाने काचेवर टकटक केलं. "मॅम, आर यू ओके?" मी त्याला हात करून पुढे निघाले आणि घरी जाऊन छातीतली धडधड घालवायला आणखी एक कप प्यायले.

जानेवारीत कोऑर्डिनेटरचा फोन आला. तपासण्यांमध्ये बाकी सगळं उत्तम होतं, पण यकृताचे आकडे वाढलेले होते. थोडेथोडके नाहीत, बरेच. आधीच्या रिपोर्टमध्ये ते अगदी नॉर्मल होते, म्हणून त्यांना नवल वाटलं होतं. जोपर्यंत कारण कळत नाही तोपर्यंत दात्याची प्रक्रिया थांबवावी लागेल, त्या म्हणाल्या.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी इथे लिहिणार आहे, नाही तर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मला आनंद झाला. यकृताची काळजी, दादाची काळजी, हे सगळं नंतर आलं. आधी आलं ते हे, की सुटले. सुंठीवाचून खोकला गेला. मी नाही म्हटलं नाही, पळ काढला नाही, आणि तरी द्यावी लागणार नाही.

"दारू घेता का?" फोनवर प्रश्न चालू होते. "नवी औषधं? सप्लिमेंट्स? काही हर्बल?"

"काहीच नाही," मी म्हणाले. या खेपेला अज्ञान निम्मंही नव्हतं. टेबलावरच्या थर्मासकडे बघून मी ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं.

रविवारी दादाकडे सांगितलं. वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. तुझ्या हातात काय होतं?" आणि दादा, जो मला आयुष्यभर ओरडत आला, तो मऊ आवाजात म्हणाला, "आधी तुझी तब्येत बघ. माझं काय, मशीन आहे." मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पिशवी संपत आली होती. नवी मागवायची म्हणून त्याच आठवड्यात एका दुपारी मी ती कंपनीचं नाव बघायला उलटी केली, आणि मागच्या सात ओळी समोर आल्या. मी धंद्याच्या सवयीने वाचल्या. यकृताचा त्रास असल्यास घेऊ नये. दारूबरोबर किंवा यकृतावर ताण देणाऱ्या औषधांबरोबर घेऊ नये. दीर्घकाळ, रोज घेऊ नये. घेतल्यावर वाहन चालवू नये. शस्त्रक्रिया ठरली असल्यास डॉक्टरांना सांगावे. त्वचा, डोळे पिवळे दिसल्यास, लघवी गडद झाल्यास ताबडतोब थांबवावे. एकेका ओळीपुढे मी मनातल्या मनात खूण करत गेले. जवळजवळ सगळ्या ओळी मी मोडल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलीला फोन केला.

"आई, हाऊ मच आर यू टेकिंग?"

"तीन कप."

"अ वीक?"

"दिवसाला. उकळून."

"यू बॉइल्ड इट? आई, कुणी बॉइल करत नाही!" मग एकदम आवाज बदलला. "वेट. हॉस्पिटलला सांगितलंस ना?"

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"आई. मामाचं सगळं थांबलंय यामुळे. यू हॅव टू टेल देम. टुडे."

"सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात मी उभी होते. दुपारचे दोन. थर्मास भरलेला. आणि मला सगळं स्वच्छ दिसलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच डोकं लख्ख चालत होतं. सांगितलं तर थांबवावं लागेल, थांबवलं की आकडे उतरतील, आकडे उतरले की ऑपरेशन. नाही सांगितलं, पीत राहिले, तर तीन आठवड्यांनी आकडे आणखी चढलेले असतील. मग हॉस्पिटलच नाही म्हणेल. वहिनी माझ्यासाठी हळहळतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला काहीही करायचं नव्हतं, फक्त काढा पीत राहायचं होतं.

मी एक कप ओतला आणि प्यायले. सगळं वाचून झाल्यावर, सगळं कळल्यावर. आधीच्या सगळ्या कपांना मी अडाणीपणा म्हणू शकते. त्या एका कपाला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे आणि मी ते कोणापुढे म्हणून दाखवणार नाही.

जीभ बधिर झाली, पण खांदे काही खाली आले नाहीत. मी घरभर फिरले. वर गेले, खाली आले. न्हाणीघरात आरशापुढे उभी राहून खालच्या पापण्या ओढून डोळे पाहिले, पिवळे आहेत की दिव्याचा उजेड तसा आहे ते कळेना. खिडकीशी नेऊन पाहिले. तरी कळेना. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली, ऑपरेशनची नव्हे, मी स्वतःच स्वतःचं काय करत होते त्याची. आणि त्या भीतीत दादाचा तो मऊ आवाज आठवला. या माणसाला मशीनवर बसवून मी घरी कप भरत होते. मोरीत थर्मास उपडा केला. कोऑर्डिनेटरचा नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

मी सगळं सांगितलं. कावा, अश्वगंधा, पॅरासिटामॉल, फॉर्मवर खोटं लिहिलं तेही. मला वाटलं, आता बाई चिडणार. त्या म्हणाल्या, "सांगितलंत, फार बरं केलंत. आजपासून सगळं बंद. उद्या सकाळी या, आणि घरात जे जे घेत असाल ते सगळं पिशवीत घालून आणा."

मी आणलं. यकृताच्या डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि कावा, अश्वगंधा, गुळवेल, त्रिफळा, हळदीच्या गोळ्या, हिंगाष्टक यांची रांग लावली. ओव्याची पुडीही त्यात गेली होती, ती मी परत घेतली, म्हटलं, ही फोडणीची आहे. ते हसले, मग हसायचे थांबले. कावा पिणारे असंख्य लोक धडधाकट असतात, ते म्हणाले. पण थोड्यांचं यकृत त्याने दुखावतं, क्वचित इतकं की नवं यकृत बसवायची वेळ येते, आणि कोणाचं दुखावेल हे आधी सांगता येत नाही. रोज घेणं, जास्त घेणं, त्यात इतर गोष्टी मिसळणं, यांनी धोका वाढतो. अश्वगंधानेही काहींना असंच होतं. तुमच्या बाबतीत नेमका दोष कोणाचा ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तुम्ही सगळंच एका पातेल्यात उकळलंत.

"पण नैसर्गिक आहे ना," मी शेवटचा प्रयत्न केला.

"विषारी अळंबीही नैसर्गिकच असते," ते म्हणाले.

दुसऱ्या खोलीत पिकल्या केसांच्या बाई बसल्याच होत्या. या खेपेला मी हसले नाही. तासभर रडले, मराठीत आणि इंग्रजीत. त्यांनी मला एका समुपदेशक बाईंकडे दर आठवड्याला जायला लावलं. भीती वाटणारा दाता बाद होत नाही, त्या म्हणाल्या. भीती लपवणाऱ्याची आम्हाला काळजी वाटते.

पहिले दहा दिवस अंगात नुसते मुंगळे. मग हळूहळू मळमळ गेली. हातांवरची साल निघायची थांबली. दोन महिन्यांनी आकडे नॉर्मल झाले. फोनवर ते ऐकलं आणि कळलं, आता माझ्या आणि ऑपरेशनच्या मधे काहीच उरलं नव्हतं. दादाला फक्त एवढंच माहीत होतं की आकडे चढले होते आणि उतरले. हॉस्पिटलने त्याला काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतं. मीही नाही सांगितलं तर जगात काही बिघडणार नव्हतं.

एप्रिलात एका शनिवारी वहिनींना ताप होता, म्हणून मी त्याला डायलिसिसला घेऊन गेले. आम्ही वीस मिनिटं लवकर पोचलो. पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी समोरच्या विटांच्या भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. कावा, काढा, फॉर्म. फोन आला तेव्हा आनंद झाला, तेही. सगळं कळल्यावर प्यायलेला तो एक कपही. बोलताना मी किल्ल्यांचा जुडगा इतका आवळला होता की तळव्यावर वळ उठले.

दादाने सीटबेल्ट काढला. मग म्हणाला, "नको मला तुझी किडनी."

"दादा..."

"नको म्हटलं ना. तू घरात बसून स्वतःचं लिव्हर जाळत होतीस आणि मी रविवारी तुला पोळ्या वाढत होतो. मला दिसलंही नाही. मशीन आहे माझं. बास."

दार उघडायला त्याने हात घातला. तिसऱ्यांदा माझ्यापुढे सुटका आली होती, आणि या वेळी खुद्द त्याच्या हातून, अगदी विनासायास. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला इतका संताप आला की मी गाडीचं दार आतून लॉक केलं.

"तू कोण नको म्हणणारा? मला वाटते भीती. आजही वाटते, उद्याही वाटेल, त्या टेबलावर आडवी होईपर्यंत वाटेल. पण मला द्यायचीय. तू माझ्यासाठी एवढं केलंस म्हणून नाही. वहिनी वाटीकडे बघतात म्हणून नाही. तू रविवारी जेवायला नसलास तर मला चालणार नाही म्हणून. कळलं का?"

दादाने दारावरचा हात काढला. मग दादाने डाव्या हाताची बाही वर केली. डायलिसिससाठी तिथे शीर आणि धमनी जोडतात. ती जागा दोरखंडासारखी फुगलेली होती. इतक्या दिवसांत त्याने ती मला कधी दाखवली नव्हती. माझा हात धरून त्याने त्यावर ठेवला. कातडीखाली ती सारखी थरथरत होती.

"हे दिवसरात्र असंच चालतं," तो म्हणाला. "हाताखाली उशी आणि वर दुसरा हात ठेवून झोपतो. थांबलं तर मशीनही लागणार नाही, ते लगेच कळायला पाहिजे म्हणून. तुझ्या वहिनीला सांगितलेलं नाही." माझ्याकडे बघत नव्हता, त्याच विटांच्या भिंतीकडे बघत होता. "मला हवीय गं किडनी. मला अजून जगायचंय. देशील का?"

एकसष्ट वर्षांच्या माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं.